मडमच्या गाडीवरचे चिरे

चवथ चार दिवसांवर आली होती. गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची रानफळे काढायला मी घरामागच्या काजूंत गेले होते. तिथे मडमच्या गाडीच्या दाराखालून लाल पाणी ओघळताना दिसले. माझ्या हातातली फळे खाली पडली. मला वाटले, आत कोणीतरी मरून पडले आहे.

गाडी म्हणजे चाकांवरचे घर. मडम ही परदेशातली म्हातारी. तिचे नाव आम्हांला नीट घेता येत नसे म्हणून सगळे तिला मडमच म्हणत. पुष्कळ वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा मोटारीच्या मागे ही गाडी जोडून मुलूखच्या मुलूख ओलांडत पेडण्यापर्यंत आली. पुढे नवरा वारला, मोटार विकली गेली आणि ते पांढरे घर आमच्या काजूंखाली राहिले. आत पलंग, चूल, कपाटे, सगळे होते. दिवाळी झाली की ती विमानाने यायची, शिगम्यापर्यंत राहायची आणि जाताना किल्ली माझ्या हातात द्यायची. घरात एवढी माणसे असून माझ्याच, कारण छपराचे काम तिने मला शिकवले होते.

पहिल्यांदा शिडीवर चढले तेव्हा लाजेने मी एका हाताने साडीच धरून होते. ती खालून शिडी धरून हसत होती. छपराचा पत्रा पातळ, त्यावर सरळ पाय द्यायचा नाही. फळी आडवी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचे. पाने झाडायची, ओल्या फडक्याने सांधे पुसायचे. दोन पत्रे मिळतात तिथे एक पट्टी असते आणि पट्टीखाली मेणासारखा मसाला भरलेला असतो. तो सुकून भेगाळला की पाणी आत शिरते. भेग दिसली तर जुना मसाला लाकडी चमच्याने खरवडायचा, जागा उन्हात सुकू द्यायची आणि नळीतला नवा पांढरा मसाला दाबून भरायचा. छपरातल्या खिडकीचे रबर बोटाने चाचपायचे. मग आत जाऊन चारी कोपरे अंगठ्याने दाबायचे.

"घट्ट, बरें. मऊ, उदक," मडम म्हणायची. भिजलेल्या पावासारखे लागले की समजायचे, आतले लाकूड कुजायला लागले.

पावसात दर पंधरा दिवसांनी दार उघडून हे बघायचे, असे मी तिला कबूल केले होते. आणखी दोन गोष्टी ती बोट वर करून सांगायची. छपरावर जड काही ठेवायचे नाही आणि गाडी कशातही गुंडाळायची नाही, आत वारा खेळला पाहिजे. तीन पावसाळे मी हे सांभाळले. एक थेंब आत गेला नाही.

त्या वर्षी मिर्गाच्या आधी आमचे हे शिरगावच्या खाणीवरून घरी आले. ते तिथे ट्रक चालवायचे. पावसात ट्रक बंद असायचे. येताना त्यांनी ट्रकावरची एक जुनी ताडपत्री आणली. मडमवर त्यांचा राग नव्हता, उलट तिचे बरे व्हावे म्हणूनच आणली. आमच्याकडे पावसाआधी लाकडे झाकतात, गवताची उडवी झाकतात. वर झाकण घालायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर जांभ्याचे चौकोनी चिरे ठेवायचे आणि सुंभाने बांधून टाकायचे. तसेच त्यांनी गाडीचे केले. मी शिडीखाली उभी होते. एकेक चिरा खांद्यावरून वर जाताना बघत होते. आठ चिरे.

"मडम जड ठेवू नको म्हणालेली," मी हळूच म्हटले.

"चौथी शिकलंस आणि इंजिनेर झालंस?" हे वरून म्हणाले. सासूबाई हसल्या.

"ताडपत्रीक खाणीची माती आसा. धुवन तरी काढूया," मी म्हटले.

"पावसच धुयतलो तिका. तू जा, पेज बघ."

मी पेज बघायला गेले.

ताडपत्री दारावरूनही ओढून बांधलेली होती. ट्रकवाल्याच्या गाठी, त्या मला सुटण्यासारख्या नव्हत्या. पंधरा दिवस झाले, महिना झाला. लावणीला जाता-येता मी गाडीजवळून जायचे आणि मला वास यायचा, ओल्या गोणपाटासारखा. किल्ली देवाच्या फळीवर डब्यात होती. रोज दिवा लावताना ती दिसायची. एकदाच यांना विचारले, जरा सोडून बघूया का. "बांधलला सोडतंस कित्याक?" म्हणाले. परत विचारले नाही.

आणि आता लाल पाणी.

माझी किंकाळी ऐकून हे कोयती घेऊन धावले. सुंभ कापले, ताडपत्री ओढली, चिरे धडाधड खाली कोसळले. मी किल्ली लावली. दार फुगले होते, यांनी खांदा लावला तेव्हा उघडले. आत बघितले. छताच्या फळ्या लोंबत होत्या. भिंतींवरून खाणीची लाल माती ओघळून आली होती. मडमची पांढरी गोधडी, तिच्या नवऱ्याने शिवलेली म्हणून ती कोणाला हात लावू देत नसे, ती कत्तलखान्यातल्या फडक्यासारखी दिसत होती. आणि गादीच्या मधोमध अळंबी उगवली होती. चांगली टपोरी, छत्र्या उघडलेली.

"अगो बाय माझे!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "मडमीच्या गादयेर अळमी!"

कोणी हसले नाही. मी कोपरा अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. पेरापर्यंत.

हे वर चढून बघून आले. ताडपत्री घड्यांवर विरली होती. चिऱ्यांच्या वजनाने पत्रा खाली बसला होता, त्या खळग्यांत पाणी साचून राहिले होते आणि पट्टीचा सांधा उकलला होता. खाली उतरून ते पायरीवर बसले. त्यांचे तोंड मी तसे कधी पाहिले नव्हते.

शेवटी सासूबाईंनी वाट काढली. "नारळ पडलो म्हणून सांगूया. माड आसाच थय."

"आणि तिणा इचारल्यान तर?" हे म्हणाले.

"कोणाक इचारतली? माडाक? माड मुको. तो खय बोलतलो?"

यांनी खरोखरच एक नारळ नेऊन छपरावर ठेवला.

दिवाळीनंतर मडम आली. आम्ही तिघे अंगणात ओळीने उभे होतो. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा गोधडी तिच्या हातात होती.

"नारळ पडलो, मडम. व्हडलो नारळ," हे म्हणाले.

ती शिडीवर चढली. त्या वयात. फळी टाकली, गुडघे टेकले. मग एका हाताने नारळ उचलून आम्हांला दाखवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पत्र्यावरच्या खळग्यांवर हवेत आठ वेळा चौकोन काढला.

"चौकोनी नारळ?" तिने विचारले. विचारले यांना नाही, मला.

सासूबाईंनी माझा पदर मागून ओढला. मी म्हटले, "चिरे, मडम. आम्ही ठेवले."

ती उतरली, माझ्यासमोर आली. चिरे कोणी चढवले ते तिने विचारलेच नाही. "तू पळयलें?" एवढेच विचारले. तू पाहिलेस?

मी मान हलवली.

"आनी तू उलयली ना?"

बोलली नाहीस? शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. या एका प्रश्नाने मी तिथेच खाली बसले. सासू-नवऱ्यासमोर न बोलणे हा आजवर माझा चांगुलपणा म्हणून सगळे सांगत. त्यानेच तिचे घर कुजवले, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

तो सबंध हंगाम मडम आमच्या मागच्या खोलीत राहिली. यांनी खाणीवर रजा टाकली, छताच्या नव्या फळ्या आणल्या आणि तिच्या सांगण्याप्रमाणे एकेक बसवली. पत्र्याचे खळगे आतून लाकडी हातोडीने उचलले. सांधे मी भरले. मडम शेजारी बसून बघायची, पण पहिल्यासारखी हसली नाही. गोधडी सात वेळा धुतली, लाल रंग गेला नाही.

शिगमा झाला, ती निघाली. दर वर्षी मी हात पुढे करायचे, त्या वर्षी मला धीर झाला नाही. तिने किल्ली सोप्याच्या कठड्यावर ठेवली, माझ्या आणि यांच्या मध्ये, आणि पिशवी उचलून उभी राहिली.

हे म्हणाले, "औंदा बारीक दगड ठेवूया. नायतर वारो..."

मी किल्ली उचलली.

"ह्या छपरार दगड चडाचो नाय," मी म्हटले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हते. "आणि दार बांधाचा नाय. मी उघडून बघतलंय. दर पंधरा दिवसांनी."

जणू माडच बोलला, तसे हे माझ्याकडे बघत राहिले.