गरम फरशीचा चौक

टेम्पोत सामान चढवून झालं तरी आई घर झाडतच होती. बाहेर भोंग्यावरून घरं रिकामी करायला सांगत होते. आमच्या भिंतीवर लाल फुली मारून झाली होती, आणि ही वाकून कोपऱ्यातला केर ओढत होती.

"काकू, झाडून काऊन राह्यल्या? पडनार हाय ना ते," टेम्पोवाला म्हणाला.

"पडन तवा पडन. घाण घर सोडून जाऊ काय?"

मग तिने दार ओढलं. ते लागेना, चौकट तिरपी झाली होती. कुलूप हातात घेऊनच ती टेम्पोत बसली.

चंद्रपूरच्या आपल्या चौकातून नागपूरला, वरोऱ्याला, कोरपन्याला गेलेल्या आणि मागच्या गल्लीत अजूनही राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपण फोनवर एकमेकांच्या तब्येती विचारतो. त्या दिवसांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आधी तिथे होतं काय? बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण, तिला लागून आपली बैठी घरं, आणि मधून दुसऱ्या खाणींतल्या कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. दुधाची पिशवी आणायला जायचं तरी जीव मुठीत धरून पलीकडे पळायचं. खाणीतल्या नोकरीने बाबांचा दम गेलेला. ते दिवसभर खाटेवर बसून रस्त्याकडे बघायचे.

मंजुषा आपल्याच गल्लीतली. आर्किटेक्ट होऊन परत आली आणि घरोघरी जाऊन सगळ्यांना एकच सांगत राहिली, की ट्रक बाहेरून वळवू, खाली दुकानं काढू, वर राहू, सगळं पायी गाठता येईल असं करू. हसले सगळे. पण पोरगी चिवट. पुढे खरोखरच ट्रक वळले, आणि बैठ्या घरांच्या जागी दुमजली इमारती उभ्या राहिल्या. खाली माझं शिवणकाम, शेजारी बंडूभाऊंचा किराणा, पुढे दवाखाना, अंगणवाडी, वाचनालय. मधे फरसबंद चौक, एक जुना कडुनिंब आणि बसायला ओटे. बाबा दर ओट्यावर दम खात चहाच्या टपरीपर्यंत जायचे आणि येताना अख्ख्या मोहल्ल्याच्या बातम्या आणायचे. "मंजे, तू मले पाय देल्ले," असं ते तिला एकदा म्हणाले, तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहिली.

मग एका हिवाळ्यात कडुनिंबाजवळची फरशी गरम लागायला लागली. दिवसभर ऊन खाते म्हणून गरम, असं आपण म्हणालो. म्हाताऱ्यांची बैठक तिथे सरकली, कुत्री तिथेच झोपायला लागली. मीसुद्धा सकाळी काज-बटणं घेऊन तिथे बसायची. काय सुख होतं त्या उबेत! मग कडुनिंब एका बाजूने वाळला. बोअरला आधी कोमट पाणी आलं, नंतर नुसती हवा. वारा पडला की विझलेल्या काडीसारखा वास यायचा.

एका सकाळी बाबांनी फरशीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हे उन्हाचं नाई," ते म्हणाले. मग हात खिशात घालून त्यांनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच जाऊन बसले.

"बाबा, मग तिथी काऊन बसता?"

"दुसरीकडं कुठी बसू?"

दवाखान्याच्या जमिनीला भेग गेली तेव्हा मंजुषाने तपासणारी माणसं आणली. बांधण्याआधी तिने खाणीचे नकाशे पाहिले होते, त्यांत बोगदे चौकाच्या अलीकडेच संपत होते. आता चौकात छिद्र पाडलं तर त्यातून धूर आला. खाली पोकळ होतं, आणि कोळसा धुमसत होता.

मग तीच दारोदार फिरली. जे जिने तिने कागदावर काढले होते, तेच चढून लोकांना निघा म्हणून सांगत राहिली. बंडूभाऊ तिच्या अंगावर ओरडले, "तूच वसवलं अन् तूच उठवून राह्यली?"

"हो भाऊ, मीच. पण आजच निघा."

बाबा हलेनात. ती त्यांच्या पायाशी बसली. "काका, तुमी नाई उठले तर कोनीच नाई उठनार." बाबा खुर्ची उचलून बाहेर आले. ते जाताना दिसले तसे बाकीचे निघाले.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी बंडूभाऊंचं दुकान वरच्या घरासकट खाली गेलं. आत कुणी नव्हतं. ते पोलिसांच्या दोरीअलीकडे उभे होते. नंतर फोनवर मला एवढंच म्हणाले, "आवाजच नाई आला, बाई."

आता नागपुरात आमचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, गेटवर वॉचमन आहे, दूध अ‍ॅपवरून येतं. हायवेपलीकडे चहाची टपरी दिसते, पण तो रस्ता बाबांना ओलांडता येत नाही. ते गॅलरीतून तिच्याकडे बघत बसतात.

परवा वरोऱ्याला बंडूभाऊंच्या मुलीच्या लग्नात आपण भेटलो. जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की कुणी न सांगता आपण चौकातल्या घरांच्या क्रमानेच बसलो होतो. मंजुषा वाढत होती. बंडूभाऊ तिला म्हणाले, "मंजे, इथी माह्या घरामागं जागा हाय. बांधून दे ना तसाच चौक."

तिचा हात थांबला. "भाऊ, खाली काय हाय?"

बंडूभाऊंनी माहीत नाही अशी मान हलवली. पंगतीत जो तो पाय आखडून बसला. मग आईनेच पलीकडच्या काकूंना हाक मारली, त्यांनी ओ दिली, आणि भात पुढे सरकला.

घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, हाक मारली की ओ देणारी माणसं. जमिनीचं मी काही सांगू शकत नाही.