पाठ केलेला तक्ता

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात पूर्वी शुगर सोमवारी, बीपी कधीही आणि डोळे कधीच नाही, असा कारभार होता. डोळ्यांचं काही निघालं की नगरला जा म्हणायचे. आधी पाथर्डीपर्यंत जीप, तिथून एसटी, आणि पोचेस्तोवर केसपेपरची खिडकी बंद. माणसं म्हणायची, दिसतंय तोवर दिसू दे. मग सुधारणा झाली. शुगर डोळे आतून खाते, म्हणून शुगर, बीपी आणि डोळे एकाच दिवशी, एकाच खोलीत तपासायचं ठरलं. ज्याने ठरवलं त्याचं डोकं चांगलंच होतं. त्याने फक्त खोलीच्या दारात कोण उभं राहील याचा विचार केला नव्हता.

दारात मुकादम उभा होता.

दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडच्या टोळ्या ऊस तोडायला कारखान्यांवर निघतात, त्या पाडव्यापर्यंत परतत नाहीत. म्हणून सिस्टरबाईंनी टोळी नेणाऱ्या मुकादमालाच निरोप धाडला, की माणसं निघायच्या आत तपासायला घेऊन या. त्याने टेम्पो भरून आणली. लोक त्याचं कौतुक करत होते. आत एक सिस्टर तपासायची आणि दुसरीला लिहून घेता यावं म्हणून मोठ्याने सांगायची. कोणाची शुगर किती, कोणाचा कुठला डोळा अधू, सगळं दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. दोघांतलं एक निकामी झालं की उरतो अर्धा कोयता, आणि आमचा मुकादम अर्धा कोयता नेत नाही. त्या सकाळी रांगेतल्या एका बाईचा डावा डोळा कमी निघाला, तेव्हा तो तिच्या नवऱ्याला प्रेमाने म्हणाला, "यंदा गावातच ऱ्हावा तुमी. बाईचा इलाज करा." सिस्टरला वाटलं, किती भला माणूस. बाकावर बसलेल्या बायकांना काय कळायचं ते कळलं.

त्या बाकावर माझी आई होती. तिला शुगर होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिसणं कमी झालंय हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, वडिलांनाही नाही. मी शेवगावला ब्लाउज शिवते. आई-वडिलांना निरोप द्यायला आले होते आणि तिच्याबरोबर केंद्रात गेले होते. तिचा नंबर आला. अक्षर न येणाऱ्यांसाठी भिंतीवर वेगळा तक्ता असतो. त्यावर तीन दात्यांच्या फण्यांसारख्या खुणा असतात, आणि फणीचे दाते कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. आईने एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत न अडखळता हात फिरवला. मग दुसरा झाकला. तेच.

"मावशी, माझ्यापेक्षा तुमचे डोळे चांगले आहेत," सिस्टर म्हणाली. मी हसले. मुकादमही हसला आणि म्हणाला, "पास."

शुगरवाल्यांच्या डोळ्यांत औषध घालून आतला फोटोही काढायचा होता. औषधानं दोन-तीन तास अंधुक दिसतं. आई म्हणाली, "मला सामान भरायचंय गाडीत. आल्याव काढा." सबंध तक्ता वाचून दाखवणाऱ्या बाईला कोण अडवणार?

मोळी बांधायला डोळे लागत नाहीत. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला पिळून त्याचा बंध करतात, आणि पीळ बसला की नाही ते हाताला कळतं. फळीचं पायाला कळतं. त्यामुळे दोन महिने कोणाला पत्ता लागला नाही. मग एका दुपारी तिने वडिलांना विचारलं, "आज लवकर अंधारलं व्हय?" ऊन डोक्यावर होतं. उसाच्या फडात हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी ती कोपीतून, पाचटाच्या त्या झोपडीतून, उठली नाही. आगाऊ पैसे घेतलेल्याला मुकादमाच्या परवानगीशिवाय फड सोडता येत नाही, म्हणून वडील त्याच्याकडे गेले, की हिला दिसत नाही, दवाखान्यात न्यायचंय. तो म्हणाला, "नाटकं लावली का रं? माझ्या म्होरं तक्त्याची शेवटची वळ वाचलीय तिनं. सिस्टरला इचार." झालं. आई पास झालेली होती. पास झालेली बाई आंधळी कशी असेल? टोळीतल्या बायका तिला सकाळी धरून फडात आणून बसवायच्या, ती जागेवर बसून मोळ्या बांधायची आणि वडील तोडायचे आणि मोळ्याही तेच वाहायचे. हंगाम संपेपर्यंत हे चाललं. मी फोन केला की म्हणायची, "बरी हाय मी."

टोळी परतली तेव्हा पाथर्डीच्या स्टँडवर मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, तर तिने विचारलं, "कोण हाय?"

नगरच्या डॉक्टरांनी आईच्या समोरच सांगितलं, की कारखान्याला जायच्या आधी आणली असती तर लेसरनं बरंच वाचलं असतं, आता काही होणार नाही. परतीच्या एसटीत आईने मला सगळं सांगितलं. रांगेत तिच्या पुढच्या बायका हात दाखवताना तोंडानेही वर, खाली म्हणत होत्या, ते ऐकून तिने तक्ता बसल्या बसल्या पाठ केला. तिला वाचता येत नाही, पण सगळ्या नातेवाइकांचे मोबाईल नंबर तोंडपाठ आहेत. "तेवढं न्हाई येत व्हय मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. मला तिला एसटीतून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि पोटाशीही धरावंसं वाटलं.

पुढच्या दसऱ्याआधी आमची शेजारीण आईकडे आली. तिला शुगर होती आणि आता डोळ्यांपुढे काळे ठिपकेही दिसत होते. आई तिचा हात धरून तिला शिकवायला लागली. "वर. उजवीकडं. खाली. परत खाली. डावीकडं." आंधळी बाई शेजारणीला डोळ्यांची परीक्षा पास व्हायला शिकवत होती आणि दोघी मधूनच हसत होत्या. आईसाठी मी शिवण घेऊन गावीच राहायला आले होते, तिथेच ब्लाउजची काजं करत बसले होते.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी सर्वांच्या आधी केंद्रात गेले आणि सिस्टरला म्हटलं, मुकादमाला बाहेर काढा. ती म्हणाली, "तोच माणसं आणतो. तो रुसला तर कोण येणार?" तेही खरंच होतं. मग मी म्हटलं, बायका तक्ता पाठ करून येतात, निदान तो तरी उलटा टांगा. तिने टांगला.

शेजारीण उभी राहिली. तिचा हात एकीकडे आणि फणीचे दाते भलतीकडे. सिस्टरने आता खाली आलेल्या सगळ्यात मोठ्या खुणेपासून सुरुवात केली, पण ती पाठ केलेलंच दाखवत होती, तिथूनच चुकली. सगळी खोली हसली. सगळ्यात जास्त मुकादम हसला, आणि त्याने तिथल्या तिथे त्यांचा कोयता टोळीतून काढला. तिचा फोटो निघाला, नगरला लेसर झालं. वेळेवर आलात, असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचा नवरा आमच्या दारात येऊन म्हणाला, "तुमच्या पोरीनं आमचा कोयता मोडला."

आईनेही मला सोडलं नाही. "डोळे घेऊन काय चाटायचंय तिला? तिच्या पोटावर पाय दिलास तू." दिवाळी तशीच गेली. मी वाढलं की ती ताट उचलून भिंतीकडे तोंड करून जेवायची.

एका दुपारी मी अंगणात बसून सुईत दोरा ओवत होते. शेजारीण तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. खडा काढून शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, त्याचा टण् असा आवाज यायचा. आई कान देऊन ऐकत होती.

"बारीक खडं दिसत्यात व्हय गं तिला?"

"दिसतात."

आणखी काही खडे पडले.

"मग माझ्या वक्ताला का न्हाई उलटा टांगलास?" आई म्हणाली.