फुकटच्या लशीचा खर्च

लस फुकट होती. सिस्टर महानगरपालिकेच्या होत्या, संगणकावर नोंद करणारा माणूसही त्यांचाच. बाकी सगळं आमच्या ले-आउटचं, म्हणजे वसाहतीचं होतं. मंडळाचं सभागृह आणि त्याचं वीजबिल, भाड्याचे कूलर, खुर्च्या, बाहेरचा मंडप, पाण्याचे कॅन, झाडणाऱ्या बाईंची मजुरी. मी मंडळाचा कोषाध्यक्ष. आदल्या वर्षी कोरोनामुळे गणपती घरच्या घरीच बसले होते, त्यामुळे वर्गणी शिल्लक होती. मी हिशेब करून सांगितलं होतं की ले-आउटमधल्या आणि मागच्या वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दोन्ही डोस होऊन थोडे पैसे उरतील.

मग सरकारनं दोन डोसांमधलं अंतर वाढवलं. अंतर वाढलं, म्हणजे केंद्र चालवायचे आठवडेही वाढले. वर्गणी तेवढीच राहिली.

आईचा पहिला डोस सभागृहात झाला होता. आमच्या घरापासून चार घरं सोडून सभागृह, माझा हात धरून ती चालत गेली होती. दुसरं जवळचं केंद्र म्हणजे एका शाळेचा वरचा मजला, आणि आईला आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्यासुद्धा धड चढता येत नव्हत्या. महापालिकेचे साहेब स्वच्छ बोलले होते, "व्यवस्था तुम्हाला झेपत नसेल तर केंद्र हलवू." म्हणजे आईच्या दुसऱ्या डोसापर्यंत पैसे पुरवायचे, नाहीतर तिला उचलून जिना चढवायचा. तिच्यासारखे कितीतरी होते, आणि प्रत्येकाला उचलणारा मुलगा नव्हता.

मी खर्च पुन्हा तपासायला घेतला. सगळ्यांची बोटं नाश्त्याकडे जात होती. हे सभागृह एरवी लग्नाचं. आमच्याकडे सभागृहात आलेला माणूस तोंड हलवल्याशिवाय परत जात नाही. शेजारचे काका, वीजमंडळातून निवृत्त झालेले, ले-आउटमधल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक सांभाळत. लसीकरणाच्या पहिल्याच सकाळी त्यांनी कढई चढवली. तर्री-पोहे, म्हणजे वर चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे, आणि चहा. कोणी ठराव केला नव्हता, कोणाला करावासा वाटलाही नव्हता.

पण कांदे, पोहे, चणे, तेल यांचा खर्च फार नव्हता. मोठा खर्च होता बाहेरच्या मंडपाचा आणि तिथल्या कूलरांचा. मंडप का, तर मे महिन्याच्या उन्हात माणसं ताटकळत होती म्हणून. ती का ताटकळत होती, ते कोणी विचारत नव्हतं. सिस्टरांचा हात तर चांगलाच चालत होता. एका सकाळी मी घड्याळ घेऊन दाराशी बसलो. सुई टोचल्यावर अर्धा तास बसायचं, असा नियम. अर्धा तास होत आला की पोह्याची प्लेट यायची. मास्क हनुवटीवर उतरायचा. कित्येक महिन्यांनी भेटलेली माणसं बोलायला लागायची, वर तर्री मागायची. खुर्ची रिकामी व्हायला तास लागत होता, आणि खुर्ची रिकामी झाल्याशिवाय सिस्टर पुढच्याला आत घेत नव्हत्या.

संध्याकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर आम्ही मंडळाची माणसं बसलो. मी म्हणालो, "पोहे बंद करा, मंडप आपोआप निघते."

काका भडकले. "काहून? लसीकरण आहे का जप्ती? सुई टोचून माणसाले तसंच हाकलू?"

"हाकलून नाही राहिलो, काका. तुमच्या एका प्लेटीपायी दोन माणसं उन्हात उभी राहते."

"तुमच्या लग्नात मी पंगती वाढल्या, तेव्हा कोणी घड्याळ नव्हतं काढलं."

"तेव्हा बिल सासऱ्यानं दिलं होतं."

सगळे हसले. काका हसले नाहीत. झारा घेऊन घरी गेले.

पोहे बंद झाले आणि रांग दोन दिवसांत आटली. मी मंडप काढायला सांगणार, तेवढ्यात लक्षात आलं की रांग जरा जास्तच आटली आहे. मागच्या वस्तीतली माणसं येईनाशी झाली होती. मजुरी बुडवून, सकाळी काही न खाता येणारी माणसं ती. लशीच्या एका कुपीत दहा डोस असतात, आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून पुरेशी माणसं जमल्याशिवाय सिस्टर ती फोडत नव्हत्या. एका दिवशी सहाच जण आले, दुपारपर्यंत बसले आणि तसेच परत गेले. कूलर मात्र सकाळभर चालले. माणशी खर्च काढला तर तो पोह्यांच्या दिवसांपेक्षा जास्त निघाला. पोहे खुर्च्या अडवत होते, तसेच माणसंही आणत होते. मी फक्त पहिली बाजू मांडली होती.

मी काकांच्या फाटकाशी गेलो. ते आतूनच म्हणाले, "या कोषाध्यक्ष. रिकाम्या खुर्च्यांचं भाडं किती झालं?"

"लई झालं. खायले पाहिजेच, काका. पण सभागृहाच्या आत नको."

ते बाहेर फाटकाशी आले. मग म्हणाले, "वऱ्हाड निघतानी आहेर देतो का नाही आपण? तसं करू. चिवड्याची पुडी, सभागृहाच्या फाटकावर. अर्धा तास झाला, उठला, की हातात. घरी जाऊन खा म्हणा."

"अर्ध्या तासाच्या आधी उठला तर?"

"मी उभा राहतो ना बाप्पा तिथं!"

आणि ते खरंच उभे राहिले. हातमोजे घालून, मास्कवर दुपट्टा बांधून. कोणी लवकर उठलं की ओरडायचे, "बस गा, अजून पाच मिनिटं आहेत तुले!" माणसं आपणहून घड्याळ बघायला लागली. वस्तीतल्या बाया पुन्हा घोळक्यानं यायला लागल्या, कुपी सकाळीच फुटायला लागली. मंडप आणि बाहेरचे कूलर परत गेले. उरलेल्या पैशांना मी उरलेल्या आठवड्यांनी भागून पाहिलं. पुरत होते.

आईची तारीख आली. मी गाडी काढतो म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. चारही घरं चालली, मध्ये एकदा थांबून एका कुंपणावरची जास्वंद नीट पाहिली. सुई घेतली, खुर्चीत बसली, आणि कूलर जरा तिकडे सरकव म्हणाली.

काका फाटक सोडून आत आले. "झालं वहिनी? आता तुमचा पोरगा उद्यापासून केंद्र बंद करते का विचारा."

"म्हातारे किती राहिले अजून?" मी विचारलं.

"मागच्या गल्लीतच बरेच आहेत."

"मग चालू राहते. त्यायच्यापुरते पैसे आहेत."

"पक्कं?"

मी बोलायच्या आधी आईच म्हणाली, "तो म्हणते तर पुरते. घरात साबणसुद्धा मोजून आणते तो."

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई मास्कच्या आत हसल्या. काकाही हसले, आणि दुसऱ्या दिवसाच्या पुड्यांसाठी किती चिवडा सांगायचा, ते मला विचारून परत फाटकाकडे गेले.