साफ आलेला फोटो

ओल्या पोत्याचा वास आला की अकोल्याजवळच्या एका गावातली दुपार आठवते. तेव्हा मी क्षयाच्या तपासणीच्या गाडीवर एक्स-रे काढायचो. उन्हानं फोटो टिपणारा डिटेक्टर तापून सारखा बंद पडायचा, म्हणून टपावर ओली पोती टाकून आम्ही काम रेटत होतो. एक आजी खोकत खोकत एकट्याच आल्या. बटण दाबलं आणि क्षणात त्यांची छाती पडद्यावर उमटली. "आजी, फोटो एकदम साफ आहे," मी आनंदानं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "काहीच नाई निंगालं? मंग पुण्यातल्या पोराले काय सांगून बोलावू, बापू?" मी पुढचं नाव पुकारलं. आता राजापेठेतल्या घरी मी एकटाच राहतो, आणि परगावच्या मुलीला फोन लावायच्या आधी काहीतरी कारण शोधत बसतो.