एका हाताने उघडणारा चाकू

चाकू ही दोन हातांनी उघडायची वस्तू आहे, हे मला पन्नाशीत कळलं. त्याआधी कधी विचारच केला नव्हता. खिशातून काढायचा, डाव्या हाताच्या नखाने पातं ओढायचं, झालं. दोन हजार साल उजाडायच्या दोन-तीन वर्षं आधी मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये पत्र्याची कड माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी बसली. टाके पडले, जखम भरली, पण आतली शीर तुटली ती तुटलीच. अंगठा जागेवर आहे, पण चिमूट धरत नाही.

मी डक्टचा माणूस. एसीची थंड हवा ज्या पत्र्याच्या बोगद्यातून खोल्याखोल्यांत जाते, तो बोगदा छताला टांगायचा आणि त्याला बाहेरून काचेच्या कापसाची गादी गुंडाळायची, हे माझं काम. रत्नागिरीकडच्या शाळेत मी चार इयत्ता काढल्या, त्यातल्या दोन मार खाण्यात. पण माझी गादी कधी सैल पडली नाही आणि माझ्या डक्टला कधी पाणी सुटलं नाही. मस्कतमधल्या कितीतरी छतांच्या वर माझा हात आहे. कुणी चढून बघावं.

परांचीवर उभं राहून डाव्या तळव्याने गादी डक्टवर दाबून धरायची आणि उजव्या हाताने कापायची. तळव्यात जोर होता. अडचण फक्त चाकू उघडायची. कागद कापायच्या कटरचं पातं त्या जाड गादीत मोडतं. न मिटणारा चाकू कमरेला लावून वर चढायचं नाही, असा साइटचा नियम. म्हणून मी आपला जुना चाकू दातांनी उघडायला लागलो.

फोरमनने ते पाहिलं. तो वसईचा ख्रिस्ती, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने मला खाली बोलावलं.

“चाचा, किती दात उरलेत?”

“तुझ्यापेक्षा जास्त.”

“मस्करी नाही करत. तोंडात पातं आणि तेवढ्यात परांची हलली, तर अर्बाबला, मालकाला मी काय सांगू? स्टोअरला माणूस पाहिजेच आहे. खुर्ची आहे, पंखा आहे. बसा आरामात, चहा करा.”

“मी पत्र्याचा माणूस. खुर्चीवर बसलो तर गंज चढेल.”

तो हसला नाही. म्हणाला, “पुढच्या महिन्यात अल हैलच्या बंगल्याचं काम सुरू होतंय. तोवर दात न लावता चाकू उघडून दाखवा. नाहीतर खलास, स्टोअर.”

स्टोअरचा आधीचा माणूस मी पाहिला होता. दिवसभर किल्ल्यांचा जुडगा वाजवत बसायचा आणि कुणी आलं की आपण पूर्वी काय काय केलं ते सांगायचा. मला तसा माणूस व्हायचं नव्हतं.

बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर येतं, असा खटक्याचा चाकू मी ऐकून होतो. शुक्रवारी रुवीच्या बाजारात गेलो आणि पहिल्याच दुकानात सगळ्यात चकचकीत होता तो घेतला. लाल मूठ, वर वाघाचं चित्र. खट्ट करून उघडायचा. आठवडाभर मी आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळ्यांना उघडून दाखवला.

मग एका दुपारी साइटवर जोहरच्या नमाजेला आम्ही पुठ्ठे अंथरून रांगेत उभे राहिलो. माझ्या उजवीकडे रायगडचा आमचा ड्रायव्हर. सजद्यात टेकलेलं कपाळ उचलून बसलो, मांडी दुमडली, खिसा ताणला गेला आणि बटण दाबलं गेलं. खट्ट. पातं डांगरीचा खिसा फाडून बाहेर आलं आणि टोक ड्रायव्हरच्या मांडीला लागलं. नमाज मोडायची नाही म्हणून तो बिचारा ओठ आवळून बसून राहिला. मीही हलेना, हललो तर आणखी टोचेल. सलाम फिरवून नमाज संपल्यावर त्याने आधी आपली पँट बघितली, मग माझ्याकडे.

“चाचा, काही वैर असेल तर तोंडाने सांगायचं. अल्लाच्या समोर कशाला?”

नुसता ओरखडा होता. पण रांगेतली माणसं दिवसभर माझ्याशेजारी बसायला तयार होईनात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी चाकू डोळ्यांनी घेतला होता. ज्याला दिवसातून पाच वेळा वाकायचं, बसायचं, कपाळ टेकायचं आहे, त्याने चाकू बसून बघायला पाहिजे होता.

पुढच्या शुक्रवारी मत्राहच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे दोरखंड, गळ आणि चाकू विकणारा एक म्हातारा बलोची होता, हिंदी चांगली बोलायचा. मी खटक्याचे सगळे चाकू काढायला लावले. पातं उघडून टोक धरून हलवलं. जे हाललं, ते बाजूला. बटण मुठीच्या वर उठून आलेलं दिसलं, तेही बाजूला. चार उरले. त्यांना बटण अडवणारी एक छोटी पट्टी होती. अंगठ्याने सरकवली की बटण दबतच नाही. मी एकेक चाकू खिशात घालून दुकानातच जमिनीवर नमाजेसारखा बसलो, सजद्यात गेलो, पुन्हा बसलो.

म्हातारा काउंटरवरून वाकून बघत होता. म्हणाला, “चाचा, नमाज़ का किब्ला उस तरफ है. ये तो मेरा गल्ला है.”

दोन चाकूंची पट्टी कापडाला घासून आपोआप सरकली. तिसऱ्याची इतकी घट्ट की घामेजल्या अंगठ्याला हलेना. चौथा काळा, बिनचित्राचा, मुठीला खरबरीत रेघा. तो बसला, उठला, वाकला, गप्प राहिला.

“यही सबसे बदसूरत है,” म्हातारा म्हणाला.

“मैं कौन सा दूल्हा हूँ,” मी म्हणालो आणि तोच घेतला.

उघडणं सोपं होतं. मिटवणं अवघड. बटण दाबून धरायचं आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवून ते आत ढकलायचं, बोटं वाटेतून बाजूला ठेवून. कॅम्पच्या पायरीवर बसून मी हे रोज शंभरदा केलं असेल. ड्रायव्हर लांब बसून मोजायचा आणि मी चुकलो की पहिल्यापासून सुरू करायला लावायचा.

अल हैलच्या बंगल्यात पहिल्या दिवशी मी परांचीवर चढलो. फोरमन खाली कमरेवर हात ठेवून उभा. डाव्या तळव्याने गादी दाबली, उजव्या अंगठ्याने पट्टी सरकवली, बटण दाबलं. एका ओढीत गादी कडेपर्यंत सरळ कापली.

“आता बंद करा,” तो खालून म्हणाला. “डावा हात काढायचा नाही.”

मांडीवर टेकवला, मिटवला, पट्टी लावली. गादी तसूभर सरकली नव्हती.

“परत करा.”

“तुला तमाशा बघायचा असेल तर तिकीट काढ. मला काम आहे.”

त्याने कमरेवरचे हात काढले. मग मागे वळून त्याने खालच्या माणसांना हाक मारली, “यल्ला, पुढची गादी चाचांना वर द्या. आणि स्टोअरला दुसरा कोणीतरी बघा.”

गादी वर आली. मी ती तळव्याने दाबली.