वरची मूठ

आमच्या शेडमध्ये कितीही झाडा, दोन गोष्टी उरतातच. एक मिरचीचा खकाणा आणि दुसरे किस्से! पाहुणे आले की आधी शिंकतात, मग हसतात.

आम्ही तिघं. माझे सासरे आबा, नंदुरबारजवळच्या शेतात जन्मभर मिरची पिकवलेले. पॅकिंगला आणि काट्यावर रमिला, तळोद्याच्या वरच्या पाड्यातली. आणि ऑनलाइन दुकान सांभाळणारी मी. आबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "एक सीझन देस. नही जमनं तर मिरची परत मार्केट यार्डमा!"

म्हणजे माझं दुकान जाणार आणि रमिलाचं कामही. आता हसतो, पण तेव्हा जीव टांगणीला होता.

*

पहिलं स्टेटमेंट आलं. वेबसाइटने मिरचीवर कमिशन कापलं होतं, ते ठरलेलंच. पण गिऱ्हाईक कुरिअरचा खर्च देतं ना, त्यावरही कापलं होतं!

आबा तडकलेच. "इतला वरीस माल यार्डमा लई गऊ. अडत्यानी मिरचीवर अडत कापी, गाडीभाडाले कोणी हात लावा नही!"

मी कस्टमर केअरला फोन लावला. तिकडची मुलगी हिंदीत म्हणाली, शिपिंगसुद्धा विक्रीतच धरतात. आबांनी फोन ओढून घेतला. "बेटा, भाडावर हिस्सा लेस ना? मंग पार्सल उचलाले बी ये. जेवण मन्हाकडे!"

तिला किती कळलं देव जाणे! पण "थँक्यू अंकल" म्हणाली.

*

आबांची एक सवय. वजन झालं की वर एक मूठ टाकायचीच! आमच्याकडे काटा बरोबर मध्ये थांबला, तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची लाज वाटते.

आता चारशे ग्रॅमचं पाकीट, त्यावर मूठ, वर जाड खोकं. पार्सल अर्ध्या किलोच्या पुढे! कुरिअरचा दर एकदम वरचा, आणि त्या वाढलेल्या दरावर पुन्हा कमिशन. शिपिंग बघूनच गिऱ्हाइकं पळायला लागली.

"आबा, मूठ बंद करा."

"मी काय सोनार शे?"

पंधरा दिवस आमचं बोलणं मिरचीपुरतंच.

शेवटी तोंड उघडलं रमिलाने. ती घरी पावरी बोलते, आमच्याशी मोजकं मराठी. तिने काट्यावर रिकामं खोकं ठेवलं. मग ते काढून आबांना मूठ टाकायला लावली. खोकं दुप्पट जड! "मूठ राहू दे, खोकं काढ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पातळ पिशवी. पार्सल अर्ध्या किलोच्या आत, मूठ जागच्या जागी. बी.कॉम. झालेली मी, आणि हे सुचलं रमिलाला!

*

एकाने एकच स्टार दिला. कारण लिहिलं, "फार तिखट आहे." मी रडकुंडीला आले. आबा म्हणाले, "अवं, हाई तर सर्टिफिकेट शे!" गिऱ्हाइकाचं तेच वाक्य आम्ही पाकिटावर छापलं. ऑर्डरी वाढल्या, शपथेवर सांगते!

*

सीझन संपत आला आणि वेबसाइटने दुकानच थांबवलं. आम्ही नोंदवलेलं वजन आणि कुरिअरने मोजलेलं वजन एकाही पार्सलचं जुळत नाही म्हणे. जुळणार कसं? आबांची मूठ ती, दर वेळी सारखी कशी भरेल? दोन दिवसांत कारण द्या, नाहीतर खातं कायमचं बंद!

फॉर्मवर तीन कारणं होती. मशीन बिघडलं, नोंद चुकली, इतर. मी "मशीन बिघडलं"वर बोट नेलं.

"काटा बरोबर शे," आबा गरजले. "खोटं लिखू नको!"

मग त्यांनी सांगितलं तसं मी "इतर"मध्ये लिहिलं: "चारशे ग्रॅम आम्ही विकतो. वरची मूठ विकायची नसते, द्यायची असते. तिच्यावर कमिशन लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं! तसं कळवणाऱ्या वेबसाइटच्या मेलखाली नाव होतं, श्वेता. दुपारी एक ऑर्डर आली, बंगळुरूची, दोन पाकिटं. नाव तेच. सूचनेत लिहिलेलं, "वरच्या मुठीसकट."

आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग बाह्या सरसावून बसले. "रमिला, सरक. हाई मूठ मी टाकसू."

महिनाअखेर स्टेटमेंट आलं. त्या पार्सलच्या शिपिंगवरही कमिशन कापलेलं! मी भीत भीत आबांना सांगितलं.

"कापू दे. पाहुणी शे ती," आबा म्हणाले. "अन् पुढला सीझनना पिशव्या मांगाडी ले."