नोंदणीनंतरचा संदेश
ओल्या डिस्टेंपरचा वास आला की नव्या रायपूरचं ते नुकतंच रंगवलेलं कार्यालय आठवतं. वडील गेल्यावर त्यांची पेन्शन आईच्या नावे व्हावी, म्हणून मी तिला तिथे नेलं होतं. संगणकावर तिचं नाव नोंदवून कारकून म्हणाला, "हो गया, अम्मा." तोच तिचा मोबाईल किणकिणला. "मले दिसून नाही राहिलं, तू वाच," आई म्हणाली. मी वाचलं, "बधाई हो! आपका स्वागत है।" नवं नाव नोंदताच यंत्रणेने आपोआप हा संदेश पाठवावा, ही योजना माझीच; पेन्शनची ती संगणकप्रणाली मीच तयार केली होती आणि संदेश लिहिताना डोळ्यांसमोर फक्त निवृत्त होणारे होते. पुढे विधवांसाठी मी वेगळं वाक्य घातलं. त्या दुपारी मात्र मला त्यात काहीच खटकलं नाही, आईने माझ्याकडे बघून विचारलं तेव्हाही: "बधाई काहून?"